जीर्ण कर्णनाद आणि मस्तिष्क-उत्तेजन चिकित्सा : एक अभ्यास

गेल्या पावसाळ्यात आमच्या चिकित्सालयात ५४ वर्षे वयाचे एक गृहस्थ आले. तीस वर्षे यंत्रमागावर पाळ्या केलेल्या. चार वर्षांपासून दोन्ही कानांत अखंड नाद. ‘रातकिडा बसलाय कानात, वैद्यसाहेब. दिवसासुद्धा गप्प राहत नाही,’ असे त्यांनी स्वतःच्या व्याधीचे वर्णन केले. झोप तुटक, स्वभाव चिडखोर, जेवणावरून वासना उडालेली. आमच्याकडे येण्यापूर्वी बरेच उपचार झालेले होते. नाडीपरीक्षा चालू असतानाच त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून पुढे ठेवले. डोक्यावर चुंबक धरून मेंदूतूनच कानाचा आवाज घालविण्याच्या उपचाराची ती बातमी होती. ‘मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आहेत. यात घालू का? तुम्ही सांगाल तसं करतो.’

आम्हांस त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ‘आमचा विषय नव्हे’ असे म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे होते. परंतु ज्याने आपल्यावर विश्वास टाकून असा प्रश्न विचारला त्याला अज्ञानाची सबब सांगणे प्रशस्त वाटले नाही. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि या विषयाचे उपलब्ध संशोधन वाचून काढले. त्या वाचनाचे हे टिपण वैद्यबंधूंच्या उपयोगी पडेल या हेतूने सादर करीत आहोत.

प्रथम आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात जे २८ कर्णरोग सांगितले त्यांत कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य आणि कर्णक्ष्वेड हे आरंभीच येतात, आणि एकविसाव्या अध्यायात या चारांची सामान्य चिकित्सा एकत्र सांगितली आहे. कर्णनादाच्या संप्राप्तीत वायू शब्दवह सिरांमध्ये विमार्गग होतो आणि मग भेरी, मृदंग, शंख यांसारखे निरनिराळे ध्वनी ऐकू येतात. क्ष्वेडात वेणूसारखा बारीक स्वर असतो. त्याच्या हेतूंत श्रम, धातुक्षय, रूक्ष व कषाय आहार यांचा उल्लेख आहे. चरकाचार्यांच्या ८० वातविकारांच्या गणनेत ‘अशब्दश्रवण’ असे एक पद आहे. त्याचा विग्रह दोन्ही प्रकारे करता येतो. शब्द नसताना ऐकू येणे हा अर्थ घेतल्यास आजच्या टिनिटसची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण. त्याच गणनेत उच्चैःश्रुती आणि बाधिर्य ही पदेही आहेत, आणि रुग्णाच्या इतिहासात ही तिन्ही लक्षणे एकमेकांच्या हातात हात घालून येतात हे आपण नित्य पाहतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशी साम्यस्थळे सापडली की ‘हे सर्व आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवर वारंवार दिसतो. सुश्रुतांनी दोषाचे अधिष्ठान कर्णकुहराच्या पोकळीत न सांगता शब्द वाहणाऱ्या मार्गात सांगितले, एवढे निश्चित. त्यापलीकडे मेंदूच्या श्रवणक्षेत्राचे ज्ञान त्यांच्या नावावर जमा करण्याची आवश्यकता नाही. त्यांचे निरीक्षण आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे.

आता आधुनिकांचा संप्राप्तिविचार. नाद कानात ऐकू येतो म्हणून तो कानातच उत्पन्न होतो, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. श्रवणनाडीवरील अर्बुदाच्या शस्त्रकर्मात ती नाडी छेदली गेल्यानंतरही अनेक रुग्णांचा नाद कायम राहतो, काहींचा तर वाढतो, हे शल्यविदांच्या लक्षात आले तेव्हा या समजुतीस धक्का बसला. तार तोडली तरी घंटा वाजतेच आहे. म्हणजे घंटा अन्यत्र आहे. त्याहीपूर्वी १९५३ मध्ये हेलर व बर्गमन यांनी श्रवणदोष नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरहित खोलीत बसविले होते. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींना काही ना काही आवाज ऐकू आला. अर्थात संपूर्ण शांततेत निरोगी श्रवणयंत्रणाही स्वतःचा नाद निर्माण करते.

यावरून पुढे जी उपपत्ती मांडली गेली ती अशी. मोठ्या आवाजाने, वार्धक्याने किंवा काही औषधांनी अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात. त्या पट्टीतील ध्वनीचे संदेश मेंदूकडे जाणे कमी होते. मेंदू ही उणीव भरून काढण्यासाठी जणू आपला आवाजाचा खटका वाढवितो. श्रवणमार्गातील चेतापेशी बाह्य कारणावाचून अधिक वेगाने आणि एकतालात स्फुरू लागतात, आणि ते स्फुरण ध्वनी म्हणून जाणवते. अवयव तोडल्यानंतरही त्या जागी वेदना जाणवणाऱ्या रुग्णाशी याची तुलना केली जाते. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी अशा रुग्णांच्या श्रवणक्षेत्रातील स्वरांचा नकाशाच सरकलेला असल्याचे दाखविले. त्यावर पुष्कळ इमारत उभी राहिली. तथापि २०१२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना श्रवणशक्ती शाबूत असलेल्या कर्णनादी रुग्णांत असा मोठा बदल आढळला नाही. म्हणजे आधुनिक संप्राप्तीही अद्याप पक्की बसलेली नाही, हे वैद्याने ध्यानात ठेवावे.

नाद ऐकू येणे आणि त्याचा त्रास होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत संकलनानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना केव्हा ना केव्हा कर्णनाद जाणवतो. तीव्र त्रास मात्र सुमारे २ टक्क्यांनाच होतो. नाद तोच असता एकाची झोप उडते आणि दुसरा विसरून कामाला लागतो. यात भावना, भय आणि अवधान यांच्याशी संबंधित मस्तिष्कभागांचा वाटा असल्याचे यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडले. आपल्या परिभाषेत, इंद्रियार्थाच्या ग्रहणात मनाचा संयोग अनिवार्य असतो.

विद्युत् आणि कान यांचा संबंध जुना आहे. व्होल्टा यांनी आपल्या नव्या विद्युत्घटाच्या दोन तारा स्वतःच्या कानांत घालून पाहिल्या होत्या. डोक्यात धक्का बसला आणि दाट रस्सा उकळावा तसा आवाज आला, असे त्यांनी १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. लगेच पुढील वर्षी बर्लिनचे ग्रापेनगीसर कर्णनादावर विद्युत्धारेचे प्रयोग करीत होते. नवीन यंत्र निघाले की ते आधी असाध्य व्याधीवर लावून पाहण्याची मनुष्याची घाई दोनशे वर्षांत कमी झालेली नाही.

ज्या चुंबकाची बातमी आमच्या रुग्णाने आणली होती तो उपचार म्हणजे टीएमएस. १९८५ मध्ये शेफिल्ड येथील अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती सिद्ध केली. तारेच्या वेटोळ्यातून क्षणमात्र प्रचंड विद्युत्प्रवाह सोडला असता तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटी भेदून आत जाते व मेंदूच्या पृष्ठभागाजवळ सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करते. छेद नाही, भूल नाही. सेकंदाला एक अशा संथ गतीने स्पंदने दिल्यास त्या भागाची उत्तेजना सामान्यतः मंदावते. जलद गतीने दिल्यास वाढते. कर्णनादात श्रवणक्षेत्र अतिउत्तेजित असेल, तर संथ स्पंदनांनी ते शांत करावे, असा हा सरळ तर्क होता. विषादरोगासाठी अमेरिकेत या यंत्रास २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर ही यंत्रे आपल्याकडील मोठ्या शहरांतही आली. कर्णनादासाठी वापर होतो तो मुख्यतः याच यंत्रांचा.

२००३ मध्ये रेगेन्सबुर्ग येथील चमूने तीन रुग्णांवर संथ स्पंदनांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील प्लेव्हनिया यांनी १४ रुग्णांत जलद स्पंदनांनी नाद दबतो का हे पाहिले. ८ जणांत तो दबला, पण काही क्षणच. तरीही उत्साह वाढण्यास एवढे पुरे होते. पुढील दशकात अनेक लहान चाचण्या झाल्या. २०११ मध्ये कॉक्रेन संस्थेने त्यांचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या पाचच निघाल्या, एकूण रुग्ण २३३. आणि निष्कर्ष अत्यंत सावध होता.

यानंतरच्या दोन चाचण्या आम्ही बारकाईने वाचल्या, कारण त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. पहिली अमेरिकेतील पोर्टलंड येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. विश्लेषणात ६४ रुग्ण. निम्म्यांना खरी स्पंदने, निम्म्यांना केवळ देखावा. रोज २००० स्पंदने, कामाचे सलग दहा दिवस. खऱ्या गटात ३२ पैकी १८ जणांस लक्षणीय उपशय मिळाला, देखाव्याच्या गटात ३२ पैकी ७ जणांस. आणि अनेकांत हा लाभ २६ आठवड्यांपर्यंत टिकला. दुसरी जर्मनीतील अनेक केंद्रांत मिळून झालेली, २०१७ ची. रुग्ण १६३, मात्रा तीच, सत्रेही दहाच. येथे खरा उपचार आणि देखावा यांत फरक आढळला नाही. सेंट लुईस येथील पिचिरिलो यांच्या त्यापूर्वीच्या दोन लहान चाचण्यांतही लाभ दिसला नव्हता. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ च्या मार्गदर्शिकेत जीर्ण कर्णनादासाठी टीएमएस नित्य उपचार म्हणून वापरू नये असे म्हटले होते. याच मार्गदर्शिकेने जिंको, जस्त व मेलाटोनिनही नाकारले, आणि श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र व बोधवर्तन चिकित्सा यांची शिफारस केली.

एकाच मात्रेची फलश्रुती अशी वेगवेगळी का? एक कारण शरीररचनेतच आहे. प्राथमिक श्रवणक्षेत्र मेंदूच्या पार्श्वभागातील खोल घळीत दडलेले असते आणि चुंबकाचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटरच पोचतो. त्यामुळे स्पंदने बहुधा त्याच्या शेजाऱ्यावरच पडतात. दुसरे कारण असे, की कर्णनाद हा एकच व्याधी म्हणून तपासला गेला. यंत्रमागावरचा कामगार, मधुमेही वृद्ध, मानेच्या विकाराने पीडित टंकलेखक आणि शोकग्रस्त विधवा या सर्वांना एका मापाची स्पंदने दिली गेली. हेतुभेद, दोषभेद आणि सत्त्वभेद न पाहता एकच कल्प सर्वांना दिला तर त्याचे फळ विस्कळीतच येणार, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

परंतु याच ठिकाणी आम्हांस आमच्या चिकित्सेकडेही पाहावे लागले. देखाव्याच्या गटातील त्या सात रुग्णांचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्यांच्या डोक्यावर यंत्र धरले गेले, टकटक आवाज झाला, तज्ज्ञांनी दहा दिवस आस्थेने विचारपूस केली. आणि बत्तिसांतील सात जणांना खरोखर बरे वाटले. आम्ही गेली अठरा वर्षे कर्णनादात स्नेहपान, नस्य, कर्णपूरण, शिरोधारा आणि सारिवादी वटी यांचा उपयोग करीत आलो आहोत. कित्येकांस उपशय मिळाला हे खरे. त्यांतील किती उपशय क्षीरबला तेलाचा, किती शिरोधारेच्या वेळच्या त्या निवांत अर्ध्या तासाचा, आणि किती कोणीतरी आपले ऐकून घेतले याचा? आमच्याकडे याचा हिशेब नाही, कारण आम्ही तो कधी ठेवलाच नाही. चुंबकवाल्यांनी निदान ठेवला आणि उत्तर प्रतिकूल आले तरी छापले.

अन्य पद्धतींविषयी थोडक्यात. डोक्याच्या त्वचेवरून सौम्य अखंड विद्युत्धारा देण्याचे प्रयोग २००६ पासून झाले. त्यांची फळे अल्पकालीन व अनिश्चित आहेत. बेल्जियममधील अँटवर्प येथे डिर्क डी रिडर यांनी कवटी उघडून श्रवणक्षेत्रावर विद्युदग्रे बसविण्याचे धाडस केले. काहींस लाभ झाला, काहींस नाही, आणि शस्त्रकर्माची जोखीम सर्वांनाच पत्करावी लागली. सॅन फ्रान्सिस्को येथे मेंदूच्या खोल भागातील कॉडेट केंद्रात विद्युदग्रे बसविण्याची प्राथमिक चाचणी झाली ती अवघ्या सहा रुग्णांवर. हे सर्व अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच आहे.

याहून विचारप्रवर्तक वाटला तो दोन इंद्रियांना एकाच वेळी चेतविण्याचा मार्ग. टेक्सास येथील किलगार्ड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उंदरांत व्हेगस नाडीचे उत्तेजन आणि विशिष्ट स्वर यांची जोडी लावून मेंदूतील विकृती परतविल्याचे दाखविले. पुढे मनुष्यांत १० रुग्णांवर प्रयोग झाला, ४ जणांस लाभ झाला. मिशिगन विद्यापीठातील सुसान शोर यांनी निराळी वाट धरली. श्रवणमार्गाच्या पहिल्याच मस्तिष्ककेंद्रात कानाचे संदेश आणि चेहरा, जबडा व मान यांचे स्पर्शसंदेश एकत्र येतात. अनेक रुग्णांना दात आवळल्यावर किंवा मान वळविल्यावर नादात फरक जाणवतो, त्याचे मूळ येथे आहे. शोर यांनी ध्वनी आणि मान किंवा गालावरील सौम्य विद्युत्संवेदना ठराविक अंतराने जोडून दिली. २०२३ मध्ये ९९ जणांच्या चाचणीत केवळ ध्वनीपेक्षा ही जोडी सरस ठरली. मात्र जबडा वा मानेच्या हालचालीने ज्यांचा नाद बदलतो असेच रुग्ण त्यांनी निवडले होते. रुग्णाची निवड करून उपचार केल्यावर उत्तर स्पष्ट आले, हे वर म्हटल्याशी जुळते.

आयर्लंडमधील ‘लेनायर’ हे यंत्र जिभेवर सौम्य विद्युत्संवेदना आणि कानात ध्वनी एकत्र देते. २०२० मध्ये त्याची ३२६ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. लाभ वर्षभर टिकल्याचे दिसले, पण तुलनेसाठी देखाव्याचा गट नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये त्यास मान्यता दिली. ज्या चाचणीवर ती दिली तीत सहा आठवडे नुसता ध्वनी आणि नंतरचे सहा आठवडे जोडउपचार असा क्रम होता. मध्यम व त्याहून तीव्र त्रास असणाऱ्यांत जोडउपचार सरस दिसला. सौम्य त्रास असणाऱ्यांत नाही.

या वाचनातून एक सोपी परीक्षा आम्ही उचलली आहे. कर्णनादाच्या प्रत्येक रुग्णास दात घट्ट आवळून, जबडा पुढे काढून आणि मान दोन्ही बाजूंस वळवून नादात फरक पडतो का हे आम्ही विचारतो. फरक पडत असल्यास हनू व मन्या यांच्या ठिकाणी स्थानिक स्नेहन-स्वेदनास प्राधान्य देतो. यास आज केवळ तर्काचा आधार आहे. अनुभवाचा म्हणावा इतका काळ अद्याप लोटलेला नाही.

आणखी एक कबुली येथे देणे कर्तव्य समजतो. सहा वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक भगिनी फक्त डाव्या कानातील नादासाठी आल्या. ऐकूही थोडे कमी येत होते. आम्ही वातज कर्णनाद असे निदान करून नस्य व कर्णपूरण चालू केले. पाच महिन्यांनी त्यांचा चालताना तोल जाऊ लागला तेव्हा एमआरआय करविला. श्रवणनाडीवर अर्बुद होते. शस्त्रकर्म झाले, जीव वाचला, तो कान गेला. लवकर निदान झाले असते तर कान वाचलाच असता असे नव्हे, पण पाच महिने आम्ही तेल घालीत बसलो हे नाकारता येत नाही. तेव्हा एकाच बाजूचा नाद, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा नाद, अकस्मात आलेले बाधिर्य, आणि भ्रम किंवा चेहऱ्याची दुर्बलता यांसह येणारा नाद, अशा रुग्णास कर्णतज्ज्ञाकडे पाठविल्यावाचून स्वतः उपचार करू नयेत. अकस्मात बाधिर्यात तर पहिले काही दिवसच हाती असतात. तसेच कर्णपटलास छिद्र नाही हे यंत्राने पाहिल्याखेरीज कर्णपूरण करू नये. रुग्ण ॲस्पिरिनची मोठी मात्रा, क्विनीन किंवा जेंटामायसिन वर्गातील औषधे घेत आहे काय, हे विचारण्यास विसरू नये.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ ठरल्याप्रमाणे आले. आम्ही त्यांना सांगितले, की चुंबकाचा उपचार थोतांड नाही, परंतु त्याने नाद जाईल असे आज कोणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आणि लग्नाचे पैसे त्यात घालण्याइतका पुरावा आमच्या दृष्टीने नाही. आमच्या तेलानेही नाद समूळ जाईल असे आम्ही म्हणत नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आजवर कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं.’ श्रवणपरीक्षेत वरच्या पट्टीतील ऐकणे दोन्ही कानांत उतरलेले निघाले. त्यांना श्रवणयंत्र घेण्यास सांगितले, मागावर असताना कान झाकणे अनिवार्य केले, रात्री निजताना पंख्याचा अथवा रेडिओचा मंद आवाज ठेवण्यास सांगितले आणि निद्रेसाठी शिरोभ्यंग व क्षीरबलाचे नस्य चालू केले. चार महिन्यांनंतर नाद आहेच. झोप पाच तासांवर आली आहे आणि मागावरची पाळी त्यांनी सोडलेली नाही.

त्यांच्यापासून आम्ही प्रत्येक कर्णनादी रुग्णाकडून उपचारापूर्वी आणि दर महिन्यास पंचवीस प्रश्नांची टिनिटस-बाधा प्रश्नावली भरून घेण्यास आरंभ केला आहे. शंभर रुग्ण होईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही असे ठरविले आहे. एकट्या चिकित्सालयात तेवढे रुग्ण होण्यास वर्षे लागतील. ज्या वैद्यबंधूंकडे असे रुग्ण येतात त्यांनी हीच प्रश्नावली वापरून नोंदी ठेवल्यास त्या पुढे एकत्र करता येतील. प्रश्नावलीची प्रत मागविणाऱ्यांस आम्ही ती आनंदाने पाठवू.